लहान होडीची मोटार आणि सुरक्षा-दोरी : अल्प खर्चाच्या एका साधनाचा विचार

भिलाई म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे झोतभट्ट्या, रेल्वेचे रूळ आणि धुराडी उभी राहतात. होड्या उभ्या राहत नाहीत. परंतु २ फेब्रुवारी १९५५ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून जन्मलेल्या या पोलाद कारखान्याची तहान मोठमोठ्या जलाशयांच्या पाण्यावर भागते. बालोद जिल्ह्यातील ब्रिटिशकालीन तांदुळा आणि धमतरीजवळचा महानदीवरील गंगरेल ही त्यांतील दोन ठळक नावे. या जलाशयांवर सिंचन आणि कारखाना यांच्याखेरीज आणखी एक वर्ग जगतो. तो म्हणजे मासेमारी करणारे केवट, निषाद आणि ढीमर कुटुंबांचे लोक, पैलतीरावर माणसे पोहोचवणारे नावाडी, आणि अलीकडे पर्यटकांना फेरी मारून आणणारे तरुण. वल्ह्याच्या डोंग्याची जागा आता हळूहळू मोटारीची होडी घेत आहे. होडीच्या मागच्या फळीला पकडीने घट्ट आवळलेली, वर इंजिन आणि खाली पाण्यात पंखा अशी जी मोटार असते, तिला आपण आऊटबोर्ड मोटार म्हणतो.

काही वर्षांपूर्वी मच्छीमार सहकारी संस्थांच्या उत्पन्नाचा अभ्यास करताना अशाच एका होडीतून मला प्रवास करावा लागला. चालवणारा तरुण मागच्या फळीशी बसून एका हाताने मोटारीचा दांडा धरून होता. मोटारीच्या पुढच्या बाजूला एक लाल रंगाची कळ होती आणि तिच्यात अडकवायचा प्लास्टिकचा चिमटा असायला हवा होता. त्याऐवजी तिथे सुतळीचे चार-पाच वेढे घट्ट गुंडाळून गाठ मारलेली होती. विचारले असता तो म्हणाला, मूळ चिमटा हरवला, त्याच्याशिवाय मोटार सुरूच होत नव्हती, म्हणून सुतळी बांधली. आता काही अडचण नाही. त्याच्या दृष्टीने त्याने यंत्रातील एक बिघाड दुरुस्त केला होता. प्रत्यक्षात त्याने स्वतःचा जीव वाचवणारी एकमेव कळ कायमची निकामी करून टाकली होती. माझ्या टिपणवहीत त्या दिवशी उत्पन्नाचे आकडे भरले गेले खरे, पण आज लक्षात राहिली आहे ती सुतळी. प्रस्तुत लेख त्या कळीविषयी आहे.

धोका कोणता?

मोटारसायकलची मूठ सोडली की ती आपोआप मागे फिरते आणि इंजिनाचा वेग उतरतो. बहुतेक लहान आऊटबोर्ड मोटारींचे तसे नसते. तासन्‌तास एकाच वेगाने जायचे असल्याने त्यांची मूठ घर्षणावर अडकून राहील अशी रचना असते. हात सुटला तरी वेग आहे तेवढाच राहतो. याउलट मोटार ज्या दांड्याने वळवली जाते तो दांडा मात्र हात सुटताच स्थिर राहत नाही. पंख्याच्या फिरण्यामुळे निर्माण होणारा बाजूचा जोर मोटारीला एका अंगाला ढकलतो आणि होडी एकदम वळते. म्हणजे एखादी लाट आदळून, पाण्याखालच्या खुंटाला ठोकर बसून किंवा जाळे ओढताना तोल जाऊन चालक पाण्यात पडला, तर होडी सरळ निघून जात नाही. ती पूर्ण वेगाने गोल गोल फिरू लागते आणि पडलेल्या माणसाकडेच परत येते.

थोडे गणित करून पाहू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. होडी १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल तर वर्तुळाचा परीघ ६३ मीटर. एक फेरी पुरी व्हायला साडेअकरा सेकंदांच्या आसपास लागतात. कपड्यांनिशी पाण्यात पडलेला, घाबरलेला माणूस तेवढ्या वेळात फार तर पाच-दहा मीटर सरकेल. आता पंख्याकडे पाहू. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि दातेरी चाकांमुळे पंख्याचा वेग त्याच्या निम्मा होत असेल, तर पंखा सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा फिरतो. तीन पात्यांचा पंखा असल्यास एका सेकंदात सव्वाशे पाती त्याच जागेवरून जातात. त्यामुळे पंख्याची जखम एक नसते. ती ओळीने कापत जाणारी असते.

५ मे २०१३ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या पॅडस्टो येथील खाडीत नेमके हेच घडले. सहा जणांचे एक कुटुंब हवेच्या नळ्यांच्या वेगवान बोटीतून सहलीला निघाले होते. एका तीव्र वळणावर सहाही जण पाण्यात फेकले गेले. रिकामी बोट वेगाने घिरट्या घालत राहिली आणि तिने त्या माणसांना वारंवार ठोकरले. वडील आणि आठ वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. इतरांपैकी काहींना गंभीर इजा झाल्या. बोटीला सुरक्षा-दोरीची कळ बसवलेली होती. मात्र ती दोरी त्या क्षणी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेली नव्हती. साधन असणे आणि साधन वापरणे यांतील अंतर किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडील जलदुर्घटनांची कारणे बहुधा वेगळी असतात. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी ते कुगाव या मार्गावरील होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, तेथे प्रश्न हवामानाचा आणि जीवरक्षक जाकिटांचा होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेवरून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या बोटीच्या नव्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि बिघाडामुळे तिच्यावरील ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. त्या घटनेचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही आणि कळ ओढली असती तर काय झाले असते याचा तर्कही येथे करायचा नाही. ताबा सुटलेले इंजिन तत्काळ थांबवता येणे ही स्वतंत्र गरज आहे, आणि ती लहान होडीलाही तेवढीच आहे, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

भिलाईला परिचित असलेले तत्त्व

ही कल्पना भिलाईकरांना नवी नाही. कोळसा आणि लोहखनिज वाहून नेणाऱ्या लांबच लांब पट्ट्यांच्या कडेने, चालण्याच्या वाटेला लागून, एक तारदोरी ताणलेली असते. तिला ‘पुल कॉर्ड’ म्हणतात. पट्ट्यात कोणी अडकले तर जवळ असेल त्याने ती ओढावी, पट्टा थांबतो. रेल्वेच्या डब्यातील साखळी त्याच जातीची. रेल्वेच्या इंजिनात याच्या पुढची पायरी असते. तेथे चालकाने ठरावीक काळात काहीच हालचाल केली नाही, तर यंत्रणा आधी इशारा देते आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास स्वतःच ब्रेक लावते. माणूस कार्यक्षम नसेल तर यंत्राने थांबले पाहिजे, असा तो नियम आहे. औद्योगिक सुरक्षेची किंमत या शहराने जून २०१४ मधील वायुगळतीत सहा आणि ऑक्टोबर २०१८ मधील कोक ओव्हन विभागातील आगीत चौदा प्राण देऊन मोजलेली आहे. त्यामुळे येथे अशा दोरीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

होडीची सुरक्षा-दोरी या दोहोंच्या मधली. दोरीचे एक टोक चालकाच्या अंगाला, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा चिमटा, आणि तो चिमटा मोटारीवरील कळीत खोचलेला. माणूस जागेवरून फेकला गेला की चिमटा निसटतो आणि इंजिन बंद पडते. कोणी काही ओढावे लागत नाही.

पण कारखान्याची दोरी आणि होडीची दोरी यांत एक मूलभूत फरक आहे, आणि कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेल्या माझ्या एका शेजाऱ्यांनी तो समजावून सांगेपर्यंत मलाही तो माहीत नव्हता. पट्ट्याच्या दोरीच्या कळीतून नेहमी वीजप्रवाह वाहत असतो. कळ ओढली की प्रवाह तुटतो आणि पट्टा थांबतो. तार उंदराने कुरतडली किंवा गंजून तुटली तरीही पट्टा थांबतो. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने होतो. लहान आऊटबोर्ड मोटारीत बरोबर उलट असते.

इंजिन थांबते कसे?

लहान पेट्रोल मोटारीला बहुधा बॅटरी नसते. तिच्या माथ्यावरील जड चाकात चुंबके बसवलेली असतात. दोरी ओढून चाक फिरवले की खालच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते, ती प्रज्वलन संचात साठते आणि योग्य क्षणी ठिणगी पाडते. मोटार स्वतःची वीज स्वतःच तयार करत असल्याने बाहेरून तोडण्यासारखा पुरवठा काही नसतोच. मग ती थांबवायची कशी? प्रज्वलन संचातून एक तार बाहेर काढलेली असते. ती मोटारीच्या धातूच्या अंगाला टेकवली की तयार झालेली वीज ठिणगीपर्यंत न पोहोचता तेथेच जिरते आणि इंजिन थांबते. बंद करण्याचे साधे बटण हेच काम करते. घरातील दिव्याच्या कळीने जोड तुटला की दिवा विझतो. येथे जोड झाला की इंजिन विझते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की कळ योग्य जातीची हवी. चिमटा आत असताना तिची दोन टोके एकमेकांपासून अलग असली पाहिजेत आणि चिमटा निघताच ती जोडली गेली पाहिजेत. मोटारगाडीच्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलनासाठी बनवलेली कळ दिसायला हुबेहूब असली तरी उलट काम करते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. येथे तार तुटली, जोड गंजला किंवा स्क्रू ढिला झाला तर इंजिन थांबत नाही. उलट कळ निकामी झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण मोटार नेहमीसारखी चालत राहते. म्हणून या साधनाची तपासणी वर्षातून एकदा करून भागत नाही. ती रोज पहिल्या फेरीपूर्वी, चिमटा ओढून, करावी लागते.

बसवण्याची रीत

नव्या मोटारींना ही कळ कारखान्यातूनच बसवून येते. प्रश्न जुन्या, एका हातातून दुसऱ्या हातात फिरलेल्या मोटारींचा असतो, आणि ग्रामीण जलाशयांवर अशा मोटारी बऱ्याच असतात. ज्या साध्या मोटारीला बंद करण्याचे बटण आहे, तिला ही कळ जोडणे हे दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या आवाक्यातील काम आहे.

प्रथम इंजिन बंद ठेवून, ठिणगीच्या प्लगची टोपी काढून, वरचे झाकण उघडावे. बंद बटणाकडे दोन तारा जातात : एक प्रज्वलन संचाकडून आलेली आणि दुसरी मोटारीच्या धातूला जोडलेली. नवी कळ या बटणाला समांतर जोडायची असते. जुने बटण काढायचे नाही, तेही चालू राहू द्यायचे. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निरनिराळे असल्याने रंगावर विसंबू नये. मोटारीची माहितीपुस्तिका पाहावी किंवा मल्टिमीटरने खात्री करावी. नव्या कळीचीही मल्टिमीटरवर परीक्षा घ्यावी. चिमटा आत असताना काटा हलता कामा नये आणि काढताच जोड दिसला पाहिजे. इंजिन चालू असताना या तारेला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण तिच्यात शेकडो व्होल्टचा झटका असू शकतो.

कळ कोठे लावावी, याचा विचार होडीत बसून करावा, दुकानात नव्हे. चालकाचा हात सहज पोहोचेल, पण जाळे, नांगराची दोरी किंवा प्रवाशाचा पाय तिच्यात अडकणार नाही अशी जागा पाहिजे. मोटार डावी-उजवीकडे वळते आणि उथळ पाण्यात वर उचलली जाते. म्हणून तारेला पुरेशी सैल ठेवावी, अन्यथा चार दिवसांत ती तुटेल. तार अनेक पदरी तांब्याची, समुद्रावर वापरायची असल्यास कथिलाचा मुलामा दिलेली असावी. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडील सवय येथे घातक ठरते. टोकांना दाबून बसवलेले टर्मिनल आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी हवी. जमिनीची, म्हणजे धातूची, बाजू इंजिनाच्या एखाद्या बोल्टला रंग खरवडून, स्वच्छ करून जोडावी.

नंतर चाचणी. मोटार कोरडी चालवू नये; तिला थंड ठेवणारा पाण्याचा पंप काही क्षणांत खराब होतो. काठाशी बांधलेल्या होडीत किंवा पाण्याने भरलेल्या पिंपात, गिअर मोकळा ठेवून, मंद वेगाने इंजिन चालवावे आणि चिमटा ओढावा. इंजिन तत्काळ थांबले पाहिजे. चिमटा बाहेर असताना दोरी ओढून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करावा. ते सुरू होता कामा नये. या दोन्ही कसोट्या उतरल्यावर मोकळ्या पाण्यात कमी वेगात तिसरी घ्यावी.

काही मोटारींच्या बाबतीत हा उद्योग करूच नये. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने इंधन सोडणाऱ्या आधुनिक मोटारींत तार कापून जोड देणे म्हणजे महागडा संच जाळून घेणे होय. तेथे कंपनीचीच कळ कंपनीच्या कारागिराकडून बसवावी. डिझेल इंजिनांना ठिणगीच नसते. ती इंधन तोडूनच थांबतात, त्यामुळे दोरीने सुटणारी इंधनाची तरफ किंवा विजेवर चालणारी झडप लागते आणि ते काम वेगळ्या जाणकाराचे आहे. रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी मात्र ठिणगीच्याच असतात, म्हणून वरील रीत त्यांना लागू पडते.

दोरी किती लांब असावी? चालकाला बसल्या जागी हालचाल करता येईल, पण तो होडीच्या कडेबाहेर गेला तर नक्की ताणली जाईल इतकी. बाजारात मिळणारी वेटोळ्यांची दोरी यासाठी सोयीची पडते. ती जीवरक्षक जाकिटाच्या भक्कम कडीला किंवा मांडीभोवती अडकवावी. शर्टाच्या काजाला किंवा गळ्यातील गमछाला अडकवलेली दोरी नसल्यासारखीच. आणि होडीत दुसरा चिमटा असलाच पाहिजे. चालक पाण्यात पडला की पहिला चिमटा त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेल्या प्रवाशाजवळ दुसरा नसेल तर बंद पडलेल्या होडीतून त्याला वाचवायला कोणी जाऊ शकत नाही. सुतळीची कथा सुरू होते ती याच जागी : दुसरा चिमटा नसतो, पहिला हरवतो आणि माणूस उपाय शोधतो.

किंमत कोण मोजतो?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील कोडे वेगळे दिसते. कळ, दोरी आणि दोन चिमटे यांचा खर्च नव्या मोटारीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. लाभ मात्र जीव वाचण्याइतका. मग ती सगळीकडे का नाही?

याचे नेहमीचे उत्तर अज्ञान असे दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या तरुणाला कळ काय करते हे माहीत होते. होडी मात्र त्याची नव्हती. मोटारीचा मालक काठावर असतो आणि धोका चालवणाऱ्याच्या वाट्याला येतो. खर्च करणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा असला की लहानसा खर्चही होत नाही, हे आपण भाड्याच्या घरांपासून कंत्राटी मजुरांच्या शिरस्त्राणांपर्यंत सर्वत्र पाहतो. अपघात न झाल्याचा लाभ तर कोणाच्या वहीत जमा होत नाही.

परंतु याहून मोठे कारण वेळेचे आहे. मासेमारी म्हणजे एका जागी बसून केलेला प्रवास नव्हे. जाळे टाकायला उठायचे, टोक पकडायला पुढे जायचे, अडकलेला खुंट सोडवायचा, पुन्हा मागे यायचे. प्रत्येक वेळी दोरी सोडा आणि पुन्हा जोडा. चुकून ओढली गेली की इंजिन बंद, मग पुन्हा दोरी ओढून सुरू करा, तेही कदाचित लाटांकडे तोंड असताना. पहाटेच्या दोन तासांत ज्याला दिवसाची कमाई करायची आहे त्याच्यासाठी या साधनाची खरी किंमत पैशांत नाही. ती मिनिटांत आहे. ही किंमत नाकारून केलेला कोणताही प्रचार फुकट जातो, असे माझे मत आहे.

अमेरिकेने या बाबतीत जो मार्ग काढला तो अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान आणि ३ अश्वशक्ती वा अधिकच्या मोटारीच्या, ही कळ बसवलेल्या होड्यांवर तिचा वापर सक्तीचा झाला. मात्र ही सक्ती होडी वेगात असतानाच लागू होते. धक्क्याला लागताना किंवा मंद वेगात मासे पकडताना दोरीचे बंधन नाही. म्हणजे कायद्याने जाळ्यावरच्या हाताला मोकळे सोडले आणि वेगाला बांधले. आपल्या जलाशयांवरही मासेमारीच्या जागेपर्यंतचा आणि परतीचा प्रवास हाच वेगाचा आणि म्हणून धोक्याचा काळ आहे. तेवढ्यापुरती दोरी बांधा, असे सांगितले तर ते ऐकले जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आपल्याकडील चौकट

आपल्याकडे या विषयाला कायद्याची चौकट नाही असे नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम संमत केला. त्यात जलयानांची नोंदणी, पाहणी आणि जीवरक्षक साधने यांची तरतूद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये होडी-सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटींना आऊटबोर्ड मोटारीच असतात आणि पुराच्या पाण्यात त्या चालवताना शिस्त लागतेच. अडचण आहे ती धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठापासून वैनगंगेवरील गोसेखुर्दपर्यंत आणि तेथून छत्तीसगडच्या जलाशयांपर्यंत विखुरलेल्या एकेका होडीपर्यंत पोहोचण्याची. प्रत्येक काठावर निरीक्षक नेमणे शक्य नाही आणि परवडणारेही नाही.

म्हणून जेथे शासनाचा पैसा आधीच खर्च होतो ती ठिकाणे धरावीत, हे अधिक व्यवहार्य. पारंपरिक नौकांना मोटार बसवण्यासाठी मत्स्यव्यवसायाच्या योजनांतून अर्थसाहाय्य देण्याची पद्धत जुनी आहे. साहाय्य मंजूर करताना कळ चालू असल्याची प्रत्यक्ष चाचणी आणि दोन चिमटे एवढी अट घातली, तर नवा विभाग लागत नाही, नवा अर्जही लागत नाही. सहलीच्या होड्यांचे ठेके देणाऱ्या यंत्रणांनी निविदेत तीच ओळ घालावी. पर्यटकांच्या होडीत जाळ्याचा प्रश्न नसल्याने तेथे दोरी पूर्ण वेळ सक्तीची करण्यास कोणतीच सबब उरत नाही.

विम्याचे गणितही याच बाजूचे आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्यात मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी अथवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख रुपये आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजार रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. हप्त्याचा भार शासनाने उचललेला असल्याने मच्छीमाराला तो द्यावा लागत नाही. याचा दुसरा अर्थ असा की पंख्याने कापलेल्या पायाचा आर्थिक भार अखेर सार्वजनिक तिजोरीवर पडतो. एका मृत्यूच्या भरपाईच्या रकमेत शेकडो होड्यांना कळी आणि चिमटे पुरवता येतील. ज्याच्या खिशातून भरपाई जाते त्यानेच प्रतिबंधाचा खर्च करावा, हा न्याय कारखान्याच्या मालकाला आपण कधीच लावला. तो येथे लावण्यास हरकत नसावी.

चिमट्यांचा पुरवठा ही यातील सर्वांत दुर्लक्षित बाब. निरनिराळ्या कंपन्यांचे चिमटे निरनिराळ्या आकाराचे असतात, तालुक्याच्या ठिकाणी ते मिळत नाहीत आणि मिळवायला रायपूर किंवा नागपूर गाठावे लागते. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी एक दिवसाची मजुरी बुडवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. निरनिराळ्या मोटारींना चालतील असे चिमट्यांचे जुडगे बाजारात येतात. प्रत्येक मच्छीमार संस्थेने जाळ्याच्या सुतासारखे तेही आपल्या भांडारात ठेवावेत आणि सभासदाला उधारीवर द्यावेत.

त्या तरुणाच्या संस्थेच्या सचिवांना मी पुढच्या भेटीत ही गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, सुतळी सोडून टाकली आणि चिमटा नसला तर उद्या सकाळी मोटार सुरू कशी करायची? माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वेळी माझ्या पिशवीत अभ्यासाच्या प्रश्नावल्या होत्या, चिमटा नव्हता. त्यानंतरच्या खेपेला मी रायपूरहून दोन जुडगी घेऊन गेलो. त्यांतील तिसरा चिमटा त्या लाल कळीत बसला. सचिवांनी मोटार सुरू करायला लावली, स्वतः चिमटा ओढला, इंजिन थांबल्याचे पाहिले आणि उरलेले चिमटे सुताच्या रिळांशेजारी भांडाराच्या कपाटात ठेवून नोंदवहीत त्यांची संख्या लिहून घेतली.